हाताचा चाप

पेंटबॉल हा खेळ आपल्याकडे आता अगदीच अपरिचित राहिलेला नाही. लोणावळ्याच्या आसपासच्या रिसॉर्टांत कंपन्यांची तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी तोंडावर मुखवटे चढवून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडताना दिसतात. माझ्या वयाच्या माणसाने या खेळावर लिहावे असे त्यात वरवर काही नाही. पण या खेळाच्या बंदुकीवरून अमेरिकेतल्या खेळाडूंमध्ये गेली पंचवीसएक वर्षे जो वाद चालू आहे, तो मला फार ओळखीचा वाटतो. बंदूक विजेवर चालणारी घ्यावी की हाताच्या चापावर चालणारी? आणि विजेवरची घेतलीच, तर ती ऐन वेळी गप्प झाल्यावर काय करायचे? ज्याची सारी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली, त्याला हा प्रश्न खेळापुरता वाटत नाही.

खेळाडू या बंदुकीला बंदूक म्हणत नाहीत, 'मार्कर' म्हणतात. त्याला कारण आहे. हे हत्यार जन्माला आले ते खुणा करण्यासाठी. अमेरिकेतल्या जंगलात कोणते झाड तोडायचे, कळपातले कोणते गुरू वेगळे काढायचे, हे लांबूनच रंगाने दाखवून द्यावे म्हणून नेल्सन पेंट या कंपनीने 'नेलस्पॉट ००७' नावाचे पिस्तूल विकायला काढले होते. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जण हीच पिस्तुले घेऊन उतरले आणि खेळ सुरू झाला. जंगलात लपवलेली निशाणे गोळा करून, अंगाला रंग न लागता बाहेर पडायचे, असा नियम. गंमत अशी की, तो पहिला डाव जिंकला जंगलातच नोकरी केलेल्या एका वनतज्ज्ञाने, आणि तोही एकदासुद्धा चाप न ओढता. झाडांमधून गुपचूप कसे जायचे ते त्याला ठाऊक होते, एवढेच.

त्या पिस्तुलात प्रत्येक गोळीसाठी खटका हाताने मागे ओढावा लागे. मग अर्धस्वयंचलित मार्कर आले. त्यांची रचना साधी. चाप ओढला की अडकवलेला हातोडा सुटतो, तो झडपेवर आदळतो, झडप क्षणभर उघडते आणि दाबाखालचा वायू गोळीला ढकलतो. त्यातलाच उरलेला वायू हातोड्याला पुन्हा मागे नेऊन अडकवतो. स्प्रिंग, हातोडा, झडप आणि रबरी कड्या, एवढाच संसार.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक मार्कर मैदानात आले आणि सगळे बदलले. यात चाप हे फक्त विजेचे बटण असते. बोट किंचित हलले की आतल्या छोट्या सर्किटला निरोप जातो, ते विजेवरची झडप काही सहस्रांश सेकंद उघडते आणि गोळी सुटते. चाप इतका हलका की दोन बोटांनी पेटीवर ताल धरावा तसे खेळाडू त्यावर बोटे नाचवू लागले. शिवाय नळीच्या तोंडाशी दोन 'डोळे' बसवले गेले. अदृश्य किरण आडवा सोडून गोळी जागेवर बसली आहे की नाही ते हे डोळे पाहतात, आणि गोळी नसेल तर झडप उघडू देत नाहीत. गोळी म्हणजे जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला रंग. अर्धवट बसलेली गोळी यंत्रात चिरडली की आतला सगळा रंग यंत्रातच सांडतो. तेव्हा हे डोळे हा मोठाच फायदा होता. स्पर्धा खेळणाऱ्यांनी पाहता पाहता जुने मार्कर टाकून दिले.

विजेवरच्या मार्करची निंदा करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. हाताच्या चापाचा मार्करही बिघडतो. त्याच्या रबरी कड्या झिजतात, थंडीत कार्बन डायऑक्साइडचा दाब पडतो, स्प्रिंग सैल होते. फरक बिघडण्याच्या रीतीत आहे. यांत्रिक मार्कर सांगून बिघडतो. आधी वायू फुसफुसतो, मग चाप जड लागतो, मग गोळी जवळच पडू लागते. तोवर जाणता खेळाडू खिशातली षट्कोनी किल्ली काढून तो उघडतोसुद्धा. इलेक्ट्रॉनिक मार्कर शेवटच्या गोळीपर्यंत झकास चालतो आणि पुढच्या गोळीला एकदम मौन धरतो. बॅटरी उतरली, ओल आत गेली, एखादी तार सुटली किंवा डोळ्यावर रंगाचा थेंब बसला, कारण यातले काहीही असो. बाहेरून सगळे मौन सारखेच दिसते. भाड्याने मार्कर देणारी मैदाने बहुतेक ठिकाणी आजही यांत्रिक मार्करच ठेवतात. दिवसभर नवख्यांच्या हाती पडणाऱ्या वस्तूला चार्जिंग आणि लाड परवडत नाहीत, हा त्यांचा रोकडा हिशेब आहे.

या वादातून एक मधला मार्गही निघाला. टिपमन कंपनीने 'एक्स-७ फेनम' नावाचा जो मार्कर काढला, त्यात एक कळ होती. बॅटरी चालू असेतो इलेक्ट्रॉनिक चाप वापरा. बॅटरी उतरली की कळ फिरवा आणि त्याच चापाने हाताच्या जोरावर खेळत राहा. त्यात वेग कमी, पण मैदान सोडावे लागत नाही. मला या कळीचे मोल त्या मार्करच्या साऱ्या वेगापेक्षा जास्त वाटते. कारण ती कळ ज्याने बसवली, त्याने आपले यंत्र कधीतरी बंद पडेल हे आधीच कबूल केले होते.

आमच्या बँकांमध्ये अशी कळ एकेकाळी होती. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. मग १९९०च्या दशकात अख्ख्या शाखेचे संगणकीकरण झाले. त्या काळी संगणकावर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घेतली जाई. काही दिवस लेजर हातानेही लिहायचे, संगणकातही भरायचे आणि संध्याकाळी दोन्ही बेरजा जुळवायच्या. जुळल्या तरच लेजर बंद. त्यानंतरही रोज रात्री काम संपताना सर्व खात्यांच्या शिलकांची छापील यादी निघे. तिला 'फॉलबॅक रिपोर्ट' म्हणत. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला नाही, तर ती यादी काउंटरवर यायची. शिलकेसमोर रक्कम लिहायची, अधिकाऱ्याने आद्याक्षरी करायची, टोकन द्यायचे आणि कॅशियरने पैसे मोजायचे. गिऱ्हाइकाला थोडा उशीर व्हायचा, पण तो रिकाम्या हाताने परत जायचा नाही.

पुढे कोअर बँकिंग आले. सगळ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती संगणकात गेली. कोल्हापूरचे पैसे नागपुरात काढता येऊ लागले, ही काही लहान सोय नव्हे. जुन्या लेजरांचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. महिनोन्महिने न जुळलेले बॅलन्स, खाडाखोडीच्या आड लपलेली लबाडी, एका व्याजाच्या आकारणीसाठी रात्ररात्र बसलेली माणसे, हे सगळे मी पाहिले आहे. ते गेले ते बरेच झाले. पण जाताना त्याने बरोबर ती यादीही नेली. शिलका आता शाखेत नव्हत्याच. शाखेत होती फक्त शिलकेपर्यंत जाणारी तार.

ती तार एका पावसाळ्यात तुटली. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावापासून बऱ्याच आत असलेल्या शाखेत मॅनेजर होतो. सकाळपासून लाइन नव्हती. दहाच्या सुमारास एक वृद्ध शेतकरी पासबुक घेऊन आला. बायकोला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे होते, चार हजार रुपये हवे होते. पासबुक चार दिवसांपूर्वीच भरून घेतलेले, शिलक अकरा हजारांच्या वर. हेड कॅशियर आणि मी त्याला वीस वर्षे नसलो तरी दोन वर्षे ओळखत होतो. मी म्हटले, "बाबा, लाइन नाही. वरून परवानगी घेतो, थोडं थांबा." तो थोडा वेळ पासबुकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सायेब, पैसं माझंच हाईत नव्हं?"

या प्रश्नाला कोणत्याही सर्क्युलरमध्ये उत्तर नाही. लाइन नसताना पैसे द्यायचे नाहीत, असा नियम होता आणि त्याला कारणही होते. तोच माणूस दुसऱ्या शाखेतून तेच पैसे आधी काढून आलेला नाही, हे कोण सांगणार? मी फोन करत राहिलो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मर्यादेत रक्कम देण्याची परवानगी मिळाली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तोवर म्हाताऱ्याने एका दुकानदाराकडून व्याजाने पैसे उचलून बायकोला जीपमध्ये घातले होते. ती बरी होऊन परत आली. व्याज मात्र गेले ते गेलेच.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. परवानगी आल्यावर व्हाऊचर कसे लिहायचे, नमुना सहीशी सही कशी ताडायची, स्वतंत्र रजिस्टरात नोंद कशी ठेवायची आणि लाइन आल्यावर ती संगणकात कोणत्या क्रमाने चढवायची, हे शाखेत फक्त हेड कॅशियरला येत होते. त्यांची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती. बाकीची मुले हुशार, संगणकावर माझ्या दसपट वेगाने चालणारी. पण पडदा काळा झाला की त्यांचे हातही थांबत. कळ असून उपयोग नाही, ती फिरवणारे बोट हवे.

आता हे बोट किती महागाचे असते, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले शहरातल्या ब्लेगडाम रुग्णालयात येऊ लागली, आणि श्वास देणारी यंत्रे तर हातावर मोजण्याइतकीच. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवले की घशाला छेद देऊन नळी घालावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यावा. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी त्या साथीत महिनोन्महिने हातांनी श्वास पुरवला, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात लोक तिथून मोजतात. पुढे १९५६ साली त्याच डेन्मार्कमध्ये आपोआप फुगणारी पिशवी तयार झाली. आपल्या रुग्णालयांत तिला अँबू बॅग म्हणतात. तिला वीज लागत नाही. व्हेंटिलेटर कितीही महागाचा असो, त्याच्या शेजारी ही पिशवी टांगलेली असावी, असा वैद्यकातला दंडक आहे. यंत्रावरचा अविश्वास म्हणून तिला कोणी तिथे टांगत नाही. श्वास थांबवून दुरुस्तीची वाट पाहता येत नाही, हे डॉक्टरांना माहीत असते.

मात्र हात आला म्हणजे सगळे निभावले, असेही नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. विमान नवेकोरे, पण इंधन दाखवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र बिघडलेले. म्हणून टाकीतले इंधन मोजपट्टीने, म्हणजे हातानेच, मोजले गेले. मोजणी बरोबर होती : ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. आता लिटरचे किलो करायचे तर सुमारे ०.८ ने गुणायला हवे. कॅनडात तेव्हा जुन्या मापांकडून मेट्रिक मापांकडे जाणे चालू होते. गुणाकार केला गेला १.७७ ने, जो आकडा लिटरचे पौंड करण्याचा आहे. टाकीत साडेतेरा हजार किलो आहे असे समजून फक्त ४,९१६ लिटर भरले. भरायला हवे होते वीस हजारांवर. हवेत एक्केचाळीस हजार फुटांवर धोक्याची पहिली सूचना आली आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. इंजिनांबरोबर वीज गेली आणि समोरचे बहुतेक पडदे काळे झाले.

आणि मग त्याच दिवशी हातानेच वाचवले. विमानाच्या पोटाखालून वाऱ्यावर फिरणारे एक छोटे चक्र बाहेर आले. इंजिन बंद पडल्यावर तेवढेच चक्र विमानाची सुकाणू हलवण्यापुरता जोर पुरवते. कप्तान रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा सराव होता. त्यांनी ते प्रचंड विमान ग्लायडरसारखे तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. आतले सर्व ६९ जण वाचले.

मला या हकिगतीत दोन्ही धडे एकाच ताटात वाढलेले दिसतात. हाताने मोजले, पण ताळा घेतला नाही, म्हणून विमान संकटात गेले. हाताला सराव होता, म्हणून ते संकटातून बाहेर आले. आम्ही बँकेत बेरीज एकदा वरून खाली करत असू आणि एकदा खालून वर. त्याला कोणी वेळखाऊपणा म्हणत नव्हते. हाताचे काम हे ताळ्यासकटच हाताचे काम असते.

सराव नसला तर काय होते, ते १ जून २००९ रोजी अटलांटिकवर दिसले. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साठला. वेगाचे आकडे विश्वासार्ह राहिले नाहीत, म्हणून स्वयंचालक यंत्रणेने आपले काम सोडले आणि विमान माणसांच्या हाती दिले. विमान धडधाकट होते. पण इतक्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याचा प्रसंग वैमानिकांवर क्वचितच आलेला. नाक वर ओढले गेले, पंखांना आधार देणारी हवा सुटली आणि साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात गेले. २२८ माणसे गेली. त्या अपघाताच्या चौकशीनंतर, उंचीवर हाताने विमान चालवण्याचे शिक्षण वाढवावे, अशी शिफारस झाली. अमेरिकन नौदलाच्या अकादमीनेही ताऱ्यांवरून दिशा काढण्याचे शिक्षण १९९०च्या दशकाच्या अखेरीस सोडून दिले होते. ते २०१५ साली पुन्हा सुरू केले. उपग्रह असताना तारे कशाला, असे म्हणणाऱ्यांनाच उपग्रहाचा निरोप बिघडवता येतो याची काळजी वाटू लागली होती.

आपल्याकडेही सूचना पुरेशा मिळाल्या आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रणालीच्या सदोष बदलामुळे जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. लोकांनी त्याची छायाचित्रे काढून थट्टा केली. मला त्या कर्मचाऱ्यांचे कौतुक वाटले. पेन काढून विमाने सोडत राहण्याची तयारी त्यांच्यात होती. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ३१ जुलैला, बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे पैसे देण्या-घेण्याचे व्यवहार थांबले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. पण एक दिवस म्हणजे किती, हे ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला विचारावे.

तेव्हा राखीव व्यवस्था खरी की नावाची, हे पाहायला मी तीन प्रश्न विचारीन. पहिला, मूळ यंत्र ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने ही व्यवस्थाही बंद पडेल का? एकाच बॅटरीवर दोन चाप बसवले तर तो एकच चाप झाला. दुसरा, ती वापरणारा हात सरावातला आहे का, आणि त्याचा ताळा घेणारा दुसरा हात शेजारी आहे का? तिसरा प्रश्न आपण नेहमी विसरतो : वेळ आल्यावर ती वापरण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला दिलेला आहे का? कळ मार्करवर असावी आणि ती फिरवण्याची परवानगी मुंबईच्या कचेरीत असावी, तर दुपारचे तीन वाजतातच.

यासाठी फार खर्च लागत नाही. प्रत्येक शाखेने तीन महिन्यांतून एकदा, गर्दी नसलेल्या दिवशी, दोन तास कागदावर काम करून पाहावे. ओळखीच्या खातेदाराला, ठरलेल्या लहान मर्यादेपर्यंत, दोन अधिकाऱ्यांच्या सहीने पैसे देण्याचा अधिकार शाखेकडे लेखी असावा. त्यात एखादा फसवेल, हे मला मान्य आहे. चार हजारांच्या मर्यादेत एखाद्याने फसवले तर बँक बुडत नाही. पण गरजेच्या दिवशी स्वतःच्या पैशासाठी सावकाराकडे गेलेला माणूस बँकेवरचा विश्वास तिथेच ठेवून येतो. रुग्णालयांनी अँबू बॅग नुसती टांगू नये, नव्या परिचारिकांना ती दाबायला लावावी. पेंटबॉल खेळणारी मुले सामन्याच्या आदल्या दिवशी कळ फिरवून, हाताच्या चापाने चार गोळ्या झाडून पाहतात. तेवढी सावधगिरी आपण खेळाबाहेरही दाखवायला हरकत नाही.